काटा चढला, आवाज बुडाला

सोल्डरिंग आयर्नची बटणं बंद करा. सगळ्यांनी. मागच्या बाकावरचं हसणंही बंद. हसण्यासारखं या टेबलावर मला काही दिसत नाही. दिसतोय तो एक 40 चॅनेलचा सीबी रेडिओ. त्याची दोन्ही झाकणं उघडी आहेत, सहा स्क्रूंपैकी चारच वाटीत आहेत आणि आतल्या बोर्डावर एकही प्रीसेट मूळ जागी राहिलेला नाही. शेजारी वॉटमीटर आहे. त्याचा काटा 4 वरून 8 वर गेला म्हणून काल संध्याकाळी तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मला बाहेर ऐकू आल्या. आज त्या टाळ्यांचा हिशेब करू.

जॉबकार्ड कोणाकडे आहे? तुझ्याकडे? वाच. मोठ्यानं वाच, शेवटच्या बाकापर्यंत जाऊ दे.

'मला समोरच्याचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. माझं समोरच्याला कळत नाही. बारीक येतं, मध्येच तुटतं.'

झालं? यात पॉवर कमी आहे असं कुठं लिहिलंय? नाही ना? गिऱ्हाइकाला इलेक्ट्रॉनिक्स येत नाही, पण त्यानं तक्रार तुमच्यापेक्षा नेमकी लिहिली. सेट चालू आहे, समोरच्याला काहीतरी पोहोचतंय, फक्त बोलणं कळत नाही. म्हणजे तक्रार मॉड्युलेशनची. तुम्ही इलाज केलात पॉवरवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आणि वर मला विचारता, "सर, पॉवर तं वाढली ना?" वाढली बाबा. गिऱ्हाइकानं मागितली होती का?

आधी हा सेट कोणाचा ते लक्षात घ्या. जामनेरच्याच एका गृहस्थाचा मुलगा अमेरिकेत असतो. हा त्याच्या गाडीतला सेट. सुट्टीत आला तेव्हा घेऊन आला, वडिलांनी आपल्याकडे दिला, जाताना तो परत नेणार. तिकडे 27 मेगाहर्ट्झचा हा पट्टा 1958 सालापासून सामान्य माणसांना खुला आहे. 1 जानेवारी 1977 पासून त्यात 23 च्या जागी 40 चॅनेल झाली. ट्रकवाले, शेतकरी, प्रवासी त्यावर बोलतात. तिथल्या कायद्यानं AM वर कॅरिअर 4 वॅट, त्याच्या पुढं नाही. म्हणजे तुम्ही काल जो 8 वॅटचा पराक्रम केलात, तो घेऊन हा मुलगा तिकडे गेला असता तर कायदा त्यानं मोडला असता आणि कारण तुम्ही झाला असता. दुरुस्ती करणाऱ्यानं गिऱ्हाइकाला गुन्हेगार करून परत पाठवायचं, हे कुठल्या सिलॅबसमध्ये आहे?

आता तक्रारीकडे. ती वाचून पाच मिनिटं डोकं चालवलं असतं तर निम्मं सर्किट झाकण न काढता निर्दोष सुटलं असतं. या जातीच्या बहुतेक AM सेटमध्ये आवाजाचा ॲम्प्लिफायर एकच असतो. ऐकताना तो स्पीकर वाजवतो. बोलताना तोच आयसी मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरला आवाज देतो आणि ट्रान्सफॉर्मरची दुसरी बाजू फायनल ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जाते. गिऱ्हाईक म्हणतो, मला स्वच्छ ऐकू येतं. म्हणजे आयसी चांगला, त्याचा सप्लाय चांगला. मग संशय कुठं राहिला? आयसीच्या अलीकडे. माइक, माइकची वायर, माइकचा सॉकेट, माइकचा पहिला ट्रान्झिस्टर, त्याच्या आजूबाजूचे दोन-चार कंडेन्सर आणि बोलताना-ऐकताना मार्ग बदलणारं स्विचिंग. फार झालं तर पलीकडे ट्रान्सफॉर्मर. उलटं घ्या. ऐकणं आणि बोलणं दोन्ही बारीक असतं, तर संशय थेट आयसीवर. दोन्ही तक्रारी एकाच वाक्यात सुटतात. त्यासाठी मल्टिमीटरसुद्धा लागत नाही, कान लागतात.

आज सकाळी मी काय केलं ते सांगतो. मीटर बीपवर ठेवला. एक काडी माइकच्या प्लगवर शील्डच्या पिनेला, दुसरी माइक उघडून आत शील्डच्या डागाला. वायर सरळ होती तोवर बीप. मग माइकच्या मानेपाशी, जिथं वायर रबरी गोटीतून बाहेर येते, तिथं अंगठ्यानं जराशी वाकवली. बीप गेला. सोडली, आला. कातर घेऊन वरचं आवरण सोललं. शील्डची जाळी तुटून काळी पडली होती, दोन-तीन तारांच्या केसांवर सगळा संसार उभा होता. माणूस माइक हातात घेतो, वायरला ओढ बसते, शील्ड सुटतं, आवाज तुटतो. तुटका भाग कापायचा, पुन्हा सोलायची, रंग बघून डाग द्यायचे, गोटी घट्ट बसवायची. अर्ध्या तासाचं काम. पॉवरच्या कॉइलला हात लावायची गरज नव्हती.

आणि माइकची कॅप्सूल तपासायची होती ना? डायनॅमिक माइक असेल तर मीटर ओहमच्या खालच्या रेंजवर ठेवून काड्या लावा. कॅप्सूल जिवंत असेल तर कट् असा बारीक आवाज देते आणि मीटर काहीशे ओहम दाखवतो. इलेक्ट्रेट असेल तर तिला व्होल्टेज मिळतंय का ते पाहा. आणि दुसऱ्या सेटचा माइक लावून बघतो म्हणालास तू, हो, तूच. चार पिनांचा प्लग दिसला म्हणजे जोडणी एकच असते असं तुला कोणी सांगितलं? कंपनीगणिक पिना बदलतात. डायग्राम न बघता माइक खोचायचा नाही.

आता या 8 वॅटचं पोस्टमॉर्टेम. वही काढा, लिहा.

कॅरिअर 4 वॅट, लोड 50 ओहम. शिखराचा व्होल्टेज किती? 20. शंभर टक्के मॉड्युलेशन हवं असेल तर बोलण्याच्या शिखरावर तो दुप्पट झाला पाहिजे, म्हणजे 40 व्होल्ट. व्होल्टेज दुप्पट म्हणजे पॉवर चौपट, 16 वॅट. म्हणजे 4 वॅटच्या सेटमधल्या फायनलला क्षणभरासाठी 16 वॅटपर्यंत झेपावं लागतं. ते 16 वॅट म्हणजेच तुमचं बोलणं. आता तुम्ही कॅरिअरच 8 वॅट केलात. शिखर झालं 28 व्होल्टच्या पुढं. फायनलची आणि सप्लायची मर्यादा तीच राहिली, 40 व्होल्ट. वर चढायला जागा किती उरली? 28 वरून 40. म्हणजे मॉड्युलेशन 41 टक्के. आवाज ज्यात भरलेला असतो त्या साइडबँडची पॉवर आधी 4 च्या निम्मी, म्हणजे 2 वॅट होती. आता काढा. 0.41 चा वर्ग, भागिले 2, गुणिले 8. आली? 0.7 वॅटसुद्धा भरत नाही.

कॅरिअर म्हणजे गाडी, बोलणं म्हणजे तिच्यात भरलेला कापूस. जिनिंगवर पैसे कापसाचे मिळतात, गाडीच्या आकाराचे नाहीत. तुम्ही गाडी दुप्पट केलीत आणि कापूस तिसऱ्या हिश्श्यावर आणलात. आणि त्यावर टाळ्या!

काट्यावरची ही श्रद्धा सोडा. साधा वॉटमीटर डायोडनं सरासरी काढतो. सेट उत्तम मॉड्युलेट होत असला तरी असा काटा बोलताना जवळजवळ जागचा हलत नाही. खऱ्या सरासरी पॉवरचा मीटर असेल तर सलग शिट्टीवर 4 चे 6 दाखवेल, त्याहून जास्त नाही. शिखर दाखवणारा मीटर वेगळा, तो 16 कडे जाईल. कुठला मीटर हातात आहे हे माहीत नसताना 'काटा हलत नाही, सेट खराब' असं म्हणायचं नाही. पण एक खूण मात्र कुठल्याही मीटरवर खरी: बोलल्यावर काटा खाली पडत असेल तर दुखणं आहे. कॅरिअर फुगवलाय, किंवा सप्लाय बसतोय, किंवा फायनल थकलाय, किंवा लोड चुकीचा आहे. तुमच्या 8 वॅटच्या सेटवर मी 'एक, दोन, तीन' म्हटलं तेव्हा काटा खाली आला. तो तुम्ही पाहिलाच नाहीत, कारण टाळ्या वाजवताना कोणी माइकवर बोललंच नव्हतं.

मॉड्युलेशन बघायचं तर स्कोप आहे कशाला? कपाटात कपडा घालून ठेवायला? डमी लोडवर दहापट प्रोब लावा, माइकसमोर एक किलोहर्ट्झचा टोन द्या. पडद्यावर जाड पट्टा दिसेल, तो फुगेल आणि आक्रसेल. सर्वांत मोठी उंची आणि सर्वांत लहान उंची मोजा. त्यांची वजाबाकी भागिले बेरीज, गुणिले शंभर. मोठी 3 घरं, लहान 1 घर, तर 50 टक्के. लहान उंची शून्याला टेकली की शंभर. टेकून तिथं सपाट रेघ उमटायला लागली की जास्त झालं. तेवढा वेळ कॅरिअर तुटतो, आवाज फाटतो आणि शेजारच्या चॅनेलवर कचरा पडतो. तो कचरा पडू नये म्हणून सेटमध्ये मॉड्युलेशन आवरणारा एक ट्रान्झिस्टर असतो, लिमिटर. त्याचा पाय कोणी कापला? गप्प बसून चालणार नाही. कापलेला पाय मला भिंगातून दिसतोय, नवा आहे, चकाकतोय. 'आवाज मोठा होतो असं व्हिडिओत सांगितलं होतं.' मोठा होत नाही रे, फाटका होतो. आज तो पाय जोडायचा, डाग माझ्यासमोर द्यायचा.

आता सप्लाय. हा सेट 13.8 व्होल्टचा. तुम्ही बॅटरी एलिमिनेटर लावलात, त्याच्या पाटीवर 13.8 दिसले आणि तुमचं समाधान झालं. माइकचं बटण दाबल्यावर सेटच्या मागच्या प्लगवर किती राहतात, हे कोणी मोजलं? मी मोजलं. 11. वायर बारीक, एलिमिनेटर लहान, शेजारच्या शेतातली मोटार सुरू झाली की आपल्याकडचा व्होल्टेज बसतो तो वेगळाच. पॉवर व्होल्टेजच्या वर्गानं जाते. 13.8 चे 11 झाले तर 4 वॅटचे अडीच वॅट राहतात, सेटमध्ये काही बिघडलेलं नसताना. हे बघायचं सोडून तुम्ही काय केलंत? एलिमिनेटरचा नॉब 16 वर नेलात. म्हणजे बटण सोडल्यावर दर वेळी सेटच्या पोटात पूर्ण 16. आतल्या कित्येक इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर 16 व्होल्ट हीच हद्द छापलेली असते. एखादा फुगला नाही, हे तुमचं नशीब. हुम् असा गुणगुणाट आवाजात मिसळत होता, तोही याच स्वस्त एलिमिनेटरचा. मॉड्युलेशनचा दोष म्हणून तो सेटच्या माथी मारू नका. बॅटरीवर लावा, गेला तर सेट निर्दोष.

फ्यूजबद्दल तर बोलायची लाज वाटते. फ्यूजच्या काचेवर तांब्याचा एक केस गुंडाळलाय. काबरं? फ्यूज सारखा उडत होता म्हणून. फ्यूज उडत होता कारण कोणीतरी लाल-काळी उलटी लावली. उलटं लागलं की सेटच्या तोंडाशी असलेला संरक्षक डायोड शॉर्ट होतो आणि फ्यूज उडवून आतला सेट वाचवतो. डायोड स्वतः मेला आणि सेट जगवला. तुम्ही त्याचं बलिदान तांब्याच्या तारेनं वाया घालवलंत. ही तार आज निघेल, डायोड नवा बसेल, फ्यूज डायग्रामवर लिहिलेल्या अँपिअरचाच बसेल.

लोडचा विषय. डमी लोड म्हणून गाडीचा बल्ब लावलात. बल्ब पेटला, तुम्ही खूश. बल्बची तार थंड असताना तिचा रेझिस्टन्स कमी, पेटल्यावर कितीतरी पट जास्त, आणि 27 मेगाहर्ट्झवर त्या गुंडाळीचं रूप आणखी वेगळं. तो 50 ओहम कधीच नसतो. अशा लोडवर कॉइल फिरवून सर्वांत जास्त उजेड मिळवणं म्हणजे सेटला चुकीच्या लोडसाठी ट्यून करणं. 1 किलोओहमचे एक वॅटचे वीस कार्बन रेझिस्टर घ्या, दोन तांब्याच्या पत्र्यांमध्ये समांतर डाग द्या. 50 ओहम, 20 वॅट. गुंडाळीचे रेझिस्टर चालणार नाहीत, ते कॉइलसारखे वागतात. हे काम एका दुपारचं आहे आणि आयुष्यभर पुरतं.

आणि दुपारी गच्चीवर जी वायर ताणलीत, तिचं काय? नाकारू नका, खिडकीतून दिसते. भारत सरकारनं 2005 साली 26.957 ते 27.383 मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यातून मोकळा केला, पण अटी घालून. 5 वॅटपर्यंत, आणि अँटेना सेटमध्येच बसवलेली. दुसऱ्याला अडथळा करायचा नाही, आणि दुसऱ्याचा अडथळा झाला तर गाऱ्हाणं मांडायचं नाही. अमेरिकी सेटची 38, 39 आणि 40 ही चॅनेल 27.385 पासून पुढं जातात, म्हणजे आपल्या पट्ट्याबाहेर. गच्चीवरची वायर अँटेनाच्या अटीत बसत नाही. आपल्याकडे हा सेट फक्त डमी लोडवर चालेल. हवेत बोलायची एवढी हौस असेल तर हौशी रेडिओची परीक्षा द्या, परवाना काढा आणि ताठ मानेनं बोला. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर निरोप पोहोचवायला जे हौशी रेडिओवाले धावले, ते परवानेवाले होते, आणि त्यांचं प्रत्येक अक्षर समोरच्याला कळत होतं म्हणूनच ते उपयोगी पडले.

"पाचोऱ्यापर्यंत आवाज गेला पाहिजे," असं कोणीतरी म्हणालं होतं. पीजे गाडीला पाचोरा ते जामनेर 56 किलोमीटर काटायला रूळ लागले. तुम्हाला चार जादा वॅटच्या हट्टानं जायचंय. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट करायला पॉवर चौपट लागते, जमिनीलगत त्याहूनही कितीतरी जास्त. 4 चे 8 केल्यानं समोरच्याच्या मीटरवर अर्धा एस वाढतो, त्याला ते कानानं कळतही नाही. इकडे नेरीकडे जमीन सपाट आहे, तिकडे तोंडापूर-फर्दापूरकडे अजिंठ्याची रांग आडवी येते. डोंगर वॉटनं हलत नाही. तिथं उंची लागते, चांगली अँटेना लागते आणि स्वच्छ आवाज लागतो.

अँटेना म्हणाल तर ती या मुलाला तिकडे गेल्यावर तपासायची आहे. जॉबकार्डाच्या मागे त्याला काय लिहून द्यायचं, तेही ऐका. 27 मेगाहर्ट्झची पाव लहर पावणेतीन मीटर. एवढी दांडी गाडीवर कोणी लावत नाही, म्हणून तळाशी कॉइल घालून ती आखूड करतात, आणि आखूड अँटेना लांबीला नाजूक असते. एसडब्ल्यूआर चॅनेल 1 वर आणि 40 वर मोजायचा. 1 वर जास्त आला तर दांडी आखूड आहे, वाढवायची. 40 वर जास्त आला तर लांब आहे, कमी करायची. दीडपर्यंत असेल तर परत येणारी पॉवर 4 टक्के, ती विसरायची. 3 ला पोचला तर पाव हिस्सा पॉवर परत येते आणि फायनल तापतो. आणि अँटेनावर बोलताना शिट्टी किंवा घूं घूं येते, पण डमी लोडवर येत नाही, तर दोष सेटबाहेरचा: अर्थिंग, केबल किंवा प्लगमधला डाग. पीएल-259 प्लगच्या आत कोरडा डाग हे अर्ध्या तक्रारींचं मूळ असतं. हे सगळं चार ओळींत लिहून द्या, सुवाच्य अक्षरात.

आता सर्वांत वाईट काम. आउटपुट कॉइलच्या डब्यात लोखंडी पेचकस कोणी घातला? फेराइटचा कोर तडकलाय. मी डबा उलटा करून टेबलावर आपटला तर काळा चुरा पडला. लोखंडी टोक कॉइलमध्ये गेलं की कॉइलचं मूल्यच बदलतं. काढलं की पुन्हा बदलतं. म्हणून प्लॅस्टिकची ट्यूनिंग काडी असते. ती या खोलीत त्याच खणात आहे, ज्यात तुम्ही चहाचे कप ठेवता. आणि शेवटच्या फिल्टरच्या हवेतल्या कॉइलचे वेढे कोणी फाकवले? फाकवले की काटा चढतो, हे खरं. का चढतो? कारण फिल्टर बिघडला आणि कॅरिअरच्या पटीतल्या लहरी बाहेर पडायला लागल्या. वॉटमीटर त्यांनाही वॉटच समजतो. चॅनेल 19 म्हणजे 27.185. त्याची दुप्पट 54.37. चौपट किती? 108.74. आणि 108 ते 118 मेगाहर्ट्झमध्ये कोण असतं माहीत आहे? विमानांना दिशा आणि धावपट्टी दाखवणारी यंत्रं. जळगावला विमानतळ आहे. तुमच्या टाळ्यांचा काटा कोणाच्या कानात कचरा ओतत होता, याचा विचार करा.

खरोखर पॉवरचीच तक्रार घेऊन सेट आला तर काय करायचं, तेही आज सांगून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी 'सांगितलं नव्हतं' ही सबब उरणार नाही. पहिलं, डमी लोड, सरळ सप्लाय, बटण दाबून सेटच्या प्लगवरचा व्होल्टेज. दुसरं, सगळ्या चॅनेलवर तीच तक्रार आहे का, आणि ऐकणंही बंद आहे का? दोन्ही बंद असेल तर फायनलकडे बघायचंच नाही, 10.240 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि पीएलएल आधी. पीएलएल लॉक नसेल तर सेट स्वतःहून पॉवर रोखतो, तो त्याचा शहाणपणा आहे. तिसरं, ऐकणं ठीक आणि बोलणं बंद असेल तर फायनलच्या कलेक्टरवर डीसी आहे का पाहा. तो मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर आणि चोकमधून येतो. नसेल तर त्यातलं एखादं ओपन. चौथं, डायोड आणि कंडेन्सरचा आरएफ प्रोब घेऊन पहिल्या टप्प्यापासून पुढं चला. सिग्नल जिथं शेवटचा दिसतो, त्याच्या पुढचा टप्पा आरोपी. पाचवं, फायनल मेला असेल तर नवा बसवायच्या आधी तो का मेला ते शोधा. जुन्या सेटांत 2एससी1969 किंवा 2एससी2078 असतो, आणि त्याच नावाचे नकली बाजारात भरपूर आहेत. स्वस्तात मिळाला म्हणून नाचत येऊ नका. अभ्रकाची चकती, दोन्ही बाजूंना पातळ पेस्ट, स्क्रू घट्ट. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. या पत्र्याखाली हीट सिंकला थंडावा कुठून मिळणार? माइकचं बटण दाबून मिनिटं-मिनिटं गप्पा मारायच्या नाहीत. दहा सेकंद दाबा, वाचा, सोडा, लिहा.

लिहा, हा शब्द मुद्दाम म्हणतोय. तुमच्या पाचांपैकी एकाच्याही वहीत एक आकडा नाही. प्रीसेट फिरवण्याआधी त्यावर मार्करची खूण केली होती का? किती फिरवला ते लिहिलं होतं का? एका वेळी एकच गोष्ट बदलली होती का? नाही. तिघांनी तीन बाजूंनी एकदम फिरवलं, म्हणून आता कोणत्या फिरवण्यानं काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तुमच्या हातात कौशल्य नाही असं मी म्हणत नाही. तुमचे डाग चकचकीत असतात, मला ते माहीत आहे. पण हात चालतो आणि डोकं मागून येतं, हा मेकॅनिक नव्हे. गिऱ्हाइकाच्या मालावर हात शिकायचा नसतो. शिकायला भंगारातले सेट मागच्या रॅकवर पडलेत.

तर आजचं काम असं. लिमिटरचा पाय जोडायचा. माइकची वायर कापून नवे डाग द्यायचे, पिना डायग्रामवरून. फाकलेले वेढे पूर्वीसारखे करायचे, तडकलेला कोर बदलायचा आणि तो तुमच्या खर्चानं आणायचा, पाचांनी वाटून घ्यायचा. डमी लोड आज संध्याकाळपर्यंत तयार हवा. मग स्कोपवर मला 4 वॅटचा कॅरिअर आणि शंभरच्या आतलं स्वच्छ मॉड्युलेशन दाखवायचं. कॅरिअर 4 च्या वर एक दशांश जरी गेला तरी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एकानं बाहेर अंगणात दुसऱ्या रिसीव्हरवर उभं राहून ऐकायचं. आतून बोललेली दहा वाक्यं त्यानं लिहून आणायची. दहाच्या दहा बरोबर आली की सेट झाला, काट्यावर काहीही दिसो.

गिऱ्हाइकाला खरं सांगायचं. 'तुमच्या माइकची वायर तुटली होती, ती दुरुस्त केली. आमच्याकडून कॉइलचा कोर तुटला, तो आम्ही बदलला, त्याचे पैसे घेत नाही.' जीभ जड होत असेल तर होऊ दे. बिल करेल तो मीच, पण हे वाक्य बोलायचं तुम्ही.

आणि उद्यापासून या खोलीत नियम एकच. मोजलेला आकडा वहीत लिहिल्याशिवाय कोणाच्याही हाताला पेचकस लागणार नाही. ज्याची वही कोरी, त्यानं झाडू घ्यायचा. बसा आता. आयर्न तापवा.